केळी नको, आरसा आणा

परवा सुप्याच्या पुढं हायवेला हॉटेल काढणारा एक पोरगा दुधाचं विचारायला घरी आला. उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि दचकून मागं सरला. समोरून कुणीतरी अंगावर आलं असं त्याला वाटलं. तो तोच होता. मग त्यानं मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली आणि दुधाचं विसरून मोबाईल काढून फोटो मारायला लागला. चुलीच्या वर आरसा, दाराच्या मागं आरसा, आढ्याखाली तिरका आरसा, खिडकीच्या गजाला टेम्पोचा आरसा. म्हणला, "बाबा, तुमचा डेकोरेटर कोण?"

म्हणलं, बायको.

"कुठं असतात त्या?"

म्हणलं, गेली.

त्याला वाटलं, गावाला गेली. म्हणला, आल्या की सांगा, मला हॉटेलात असंच करून घ्यायचंय. म्हणलं, दूध शिल्लक नाही, आणि त्याला वाटंला लावला.

पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. डेकोरेटर म्हणे. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही, चार ओळी लिहिल्या की उठून गोठ्यात जाऊन येतो. तरी लिहितो. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारीला शोभेचा नाद होता.

सगुणा कधी बसलेली मी बघितली नाही. जेवायची ती उभ्यानं. भाकरीचा तुकडा हातात घेऊन म्हशीला पेंड टाकायची, येता येता वाळत घातलेल्या मिरच्या उलथायची, तोवर तुकडा संपायचा. केस विंचरायची तेसुद्धा चालता चालता. आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मांडवात कुत्रं शिरलं, तर हिनं अक्षता खाली टाकून ते आधी हाकललं. माझ्या आईनं तिथंच कपाळाला हात लावला. पाहुणे आले की लोक म्हणतात बसा, ही म्हणायची, "आलात तर चला, मेथी खुडू लागा." तिचं एक ठरलेलं बोलणं होतं, "नजरंआड झालं की नासलं." दूध असो, पोर असो, नवरा असो.

अशी बाई कडब्याच्या गंजीवरनं पडली. वर चढू नको म्हणून मी सांगितलेलं, पण मी सांगितलेलं तिनं कधी ऐकलं होतं. कमरेखाली जीव राहिला नाही. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरनं मला दाराशी बोलावून हळू आवाजात सांगितलं. हिनं पलंगावरनंच विचारलं, "काय म्हणत्यात? उभी राहीन का न्हाई?" डॉक्टर म्हणला, आजी, देवावर भरवसा ठेवा.

"म्हंजी न्हाई," ती म्हणली आणि माझ्याकडं बघून म्हणली, "म्हशीला पाणी कोण दावतंय आज?"

घरी आणली. मधल्या खोलीत लोखंडी पलंग टाकला. तिथून दिसायचं काय, तर समोरची भिंत आणि भिंतीवरचं कॅलेंडर. वस्तीवरचं घर आमचं, पुढं रस्ता, मागं विहीर, कडंला गोठा. ह्यातलं काही तिला दिसत नव्हतं. नुसते आवाज यायचे. भांडं वाजलं की विचारायची काय पडलं, म्हैस ओरडली की विचारायची का ओरडली. दिवसभर प्रश्न. मी उत्तर देऊन देऊन दमायचो आणि उत्तर दिलं तरी तिला पटायचं नाही. कारण मी सांगायचो, सगळं बरं हाय. तिला माहीत होतं, माझ्या हातात घर असलं की सगळं बरं नसतं.

मुलगा दत्तू चाकणला कंपनीत आहे. चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे त्याचा. तो म्हणला, दोघंबी चला तिकडं, म्हैस इकू, घराला कुलूप लावू. त्याचं चुकत नव्हतं. आईला कुशीवर वळवायचं, पुसायचं, पाठीला पावडर लावायची, हे ह्या वयात माझ्याच्यानं होत नाही हे त्याला दिसत होतं. ती म्हणली, "दत्तू, मला उचलून नेशील बाबा, लेकरू हायस, तुला जड न्हाई. पर एकदा हितनं उचलली की मी सामान झाले. मग हितं ठिवा न्हाईतर तितं ठिवा."

दत्तू म्हणला, दिवाळीपर्यंत बघू. म्हणजे दिवाळीला न्यायचं. हे तिला कळलं, मलाही कळलं.

एके दिवशी ती पडल्या पडल्या हातातल्या आरशात बघून कुंकू लावत होती. आरसा जरा कलला आणि तिला त्यात चुलीपुढचा कोपरा दिसला. दुधाच्या पातेल्यापाशी मांजर. अशी ओरडली की मांजर तर पळालंच, मीसुद्धा ओसरीवर उभा राहिलो. नंतर बराच वेळ तिचा आवाज आला नाही. मी घाबरून आत गेलो. ती आरसा असा धरी, तसा धरी, आणि चेहरा असा की जत्रेत पोरगी हरवावी आणि सापडावी. म्हणली, "अवं, त्या कपाटाचं दार काढा."

"कशाला?"

"त्याला आरसा हाय म्हणून. काढा."

कपाटाचं दार काढलं. भिंतीला टेकवलं. तिथून सुरुवात.

आता आरसा लावणं म्हणजे खिळा ठोकून मोकळं होणं नाही. केसभर हलला की चुलीऐवजी छप्पर दिसतं. मी आरसा धरून उभा, ती पलंगावरनं सांगतेय, उजवीकडं घ्या. मी उजवीकडं घेतला की म्हणायची, डावीकडं कशाला घेतला? तिचं उजवं आरशातलं, माझं उजवं माझ्या हाताचं. दोघं भांडून भांडून घामाघूम. शेवटी तिनं डावं-उजवं बंद केलं. "विहिरीकडं घ्या. आता जरा रस्त्याकडं. लई झालं, परत विहिरीकडं." विहीर काय आरशात घातली म्हणून जागा बदलत नाही. त्या दिवसापासून आमचं भांडण निम्मं झालं. निम्मंच.

आजारी माणसाला भेटायला येताना लोक केळी आणतात, बिस्किटं आणतात. हिनं सगळ्या पाहुण्यांत निरोप धाडला, केळी नको, आरसा आणा. लोकांना आधी मस्करी वाटली. मग आणायला लागले. कुणी गुलाबी प्लास्टिकची चौकट असलेला, कुणी वर मोर असलेला. सुप्याच्या एका सलूनवाल्यानं दुकान नवं केलं, त्याचा जुना लांबडा आरसा मी पाठीवर बांधून यष्टीनं आणला. मागं बसलेल्या बाया मी उतरेपर्यंत माझ्या पाठीत बघून पदर सारखा करत होत्या. टेम्पोचा फुगीर आरसा भंगारवाल्यानं दिला. त्यात सगळं बारीक दिसतं, पण रस्ता पार वळणापर्यंत दिसतो. तो तिच्या सगळ्यात आवडीचा.

मग मात्र तिला हौस सुटली हेही खरं. म्हणायची, घराचं सलून झाल्यासारखं वाटाया नको. जुन्या लुगड्यांचे काठ कापून घेतले आणि एकेका आरशाच्या कडंनं डिंकानं चिकटवायला लावले. चुलीच्या आरशाला लाल काठ, गोठ्याच्या आरशाला हिरवा, रस्त्याच्याला तिच्या लग्नातल्या शालूचा. मी काठ वाकडा चिकटवला की सोलून परत. सकाळचं ऊन दारातनं आलं की ह्या आरशातनं त्या आरशात उड्या मारत पार फडताळापर्यंत जायचं. ज्या कोपऱ्यात आमच्या चार पिढ्यांत कधी ऊन शिरलं नव्हतं, तिथं लोणच्याच्या बरण्या चमकायच्या. वाऱ्यानं एक आरसा पडून फुटला, तर शेजारची म्हातारी म्हणली, फुटका आरसा घरात ठेवू नये, लक्ष्मी जाती. सगुणा म्हणली, "माझं पायच गेल्यात. लक्ष्मी कुठं मागं राहणार हुती? तिला जायचं असंल तर पायानं जाऊ दे, बघू तरी कशी चालती." आणि ते तुकडे देवळीत लावून घेतले.

घर परत तिच्या हातात आलं. दूध उतू जायच्या आत हाक यायची. मी गोठ्यात तंबाखू मळली की आतनं आवाज, "थुका ती." माझी धाकटी भावजय वच्छला, म्हणजे तिची जाऊ, शेजारच्या बाईला घेऊन भेटायला आली. पलंगाशी बसून अरेरे, काय बाई नशीब, असं करून झालं. उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि तिथं त्या बाईला तोंड वाकडं करून दाखवलं, असे पाय आखडून. दोघी हसल्या. सगुणा इथनं म्हणली, "वच्छे, पाय तसं न्हाई वळत. सरळच राहत्यात. यिवून बघून जा नीट, मंग कर." वच्छला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. ह्यानंतर मात्र ती आली की खरोखर कामाला लागायची. पीठ मळायची, पाठ पुसून द्यायची. ह्या घरात खोटं वागायला कोपराच उरला नव्हता.

दत्तूला मी फोनवर सांगायचो, आई बरी आहे, घर बघते. तो म्हणायचा, पलंगावरनं घर कसं बघणार, दादा?

आणि ह्या सगळ्याच्या मधेच म्हशीचं झालं.

आमच्या चांदीचं एक शिंग खाली वाकलंय. उजवं. ओढ्यापलीकडं बाजीराव म्हणून एक आहे, त्याच्या रेड्याकडं तिला न्यायची होती. बाजीरावाचा गडी सकाळी घेऊन गेला, सांजच्याला आणून बांधून गेला. त्याच दुपारी मी गोठ्याचा आरसा पहिल्यांदा बसवला होता. सगुणानं त्यात बघितलं आणि म्हणली, "अवं, ही आपली म्हस न्हाई."

म्हणलं, काय बोलतीस?

"शिंग बघा. डावं वाकलंय. म्हस बदलून आणली त्येनं."

मी तिच्या पलंगाशी वाकून आरशात बघितलं. खरंच डावं शिंग. आता रोज त्या म्हशीच्या पोटाला डोकं लावून दूध काढणारा मी. दहा पावलांवर गोठा. उठून बघून यावं की नाही? नाही. आरशात दिसलं ते पटलं. काठी घेतली, पुढल्या दारानं निघालो, ओढा ओलांडला आणि बाजीरावाच्या अंगणात जाऊन त्याला चोर म्हणलं. त्याच्या सुनंच्या देखत म्हणलं. बाजीरावानं टोपी घातली, आणखी चार माणसं घेतली आणि माझ्यासंगं आला. गोठ्यात चांदीपुढं उभं राहून मला म्हणला, "उजवा हात वर करा." केला. "आता ह्या शिंगाला लावा." लावला.

वाकलेलं शिंग उजवंच होतं, आरशानं उलटं दाखवलेलं. बाजीराव खाली बसून हसला. सगळे हसले. चांदी रवंथ करत होती. ही बातमी रातोरात सुप्यापर्यंत गेली. दूध संकलनाच्या रांगेत लोक मला विचारायचे, आज कुठल्या अंगानं काढलं?

सगुणा दोन दिवस हात अंगावर घेऊन कॅलेंडरकडं बघत पडून राहिली, आरशांकडं नाही. मला तेच बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणली, "समोर अजून एक आरसा लावा. ह्यातलं त्यात पडलं की उलट्याचं सुलट हुईल." लावला. झालं सुलट. शिंग उजवं. पण दत्तूला बातमी कळायची ती कळली. कुणीतरी त्याला सांगितलं, तुझ्या आईला भ्रम झालाय, घरची म्हैस ओळखत नाही. त्याचा फोन आला. दिवाळीपर्यंत थांबत नाही, म्हणला. रविवारी गाडी घेऊन येतो. म्हशीचं गिऱ्हाईक पण बघितलंय.

रविवारी ती पहाटेपासून आवरत होती. म्हणजे मी आवरत होतो, ती सांगत होती. सगळे आरसे ओल्या फडक्यानं पुसून घेतले. दत्तू आला, सूनबाई मनीषा आली. गाडीची मागची सीट त्यांनी आडवी करून गादी घालून आणली होती. ती गादी टेम्पोच्या आरशात सगुणाला दिसली.

मनीषा चहाला आत गेली. इथनं आवाज, "मनीषा, साखर वरल्या फळीवर, मिठाच्या बरणीच्या मागं. पुढची न्हाई, ती मिठाची. हां. आलं खिडकीत हाय. पदर सावर, जाळ हाय." मनीषा बाहेर येऊन सासूकडं बघायला लागली. दत्तू म्हणला, आई, तुला एवढं दिसतं? ती म्हणली, "तुज्या बुटाला शेण लागलंय, तेबी दिसतं. पायरीवर पुस, मग आत ये."

दत्तू उठून बाहेर गेला. बूट पुसायला म्हणून गेला, पण पायरीवर थांबला नाही. घराला वळसा घालून मागं, धुण्याच्या दगडावर जाऊन बसला. मागं कुणी नव्हतं. सगुणा मागल्या दाराच्या आरशात बघत होती. बघता बघता तिचं तोंड कसंनुसं झालं. मी पण वाकायला लागलो बघायला, तर माझा हात धरला.

"तो आरसा भिंतीकडं करा."

"का?"

"करा म्हणते ना. पोरगं रडतंय. त्येला वाटतंय, कुणी बघत न्हाई. मंग न्हाई बघायचं."

मी आरसा उलटा केला. चहा झाला, उतू पण गेला थोडा, तिनं हाक मारली नाही. जरा वेळानं दत्तू तोंड धुऊन आला. उलट्या आरशाकडं बघितलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. पलंगाच्या कडंला बसून आईच्या पायावरची गोधडी सारखी केली आणि चहा घेतला.

चाकणचं कुणी काढलं नाही. जेवणं झाली. निघताना दत्तू गोठ्यात गेला, चांदीच्या शिंगावर हात फिरवला आणि तिथला आरसा हलवून बघितला. मला म्हणला, "दादा, ह्या खिळ्यांना पावसाळ्यात गंज लागंल. पुढच्या खेपेला स्टीलचे स्क्रू घेऊन येतो." मागच्या सीटवरच्या गादीवर मनीषानं शेवग्याच्या शेंगा ठेवल्या आणि गाडी गेली. वळणापर्यंत सगुणा बघत होती. म्हणली, "आता मागल्या दाराचा सुलटा करा."

दत्तू दर महिन्याला स्क्रू, गोळ्या, पावडर घेऊन यायला लागला. वच्छला रोज यायची. सगुणानं दिवाळी ह्या घरात केली, संक्रांत ह्या घरात केली. बायांना पलंगापाशी बोलावून हळदीकुंकू लावलं. वाण म्हणून काय दिलं असेल? छोटे आरसे.

माघात गेली. सकाळची वेळ. मी गोठ्यात दूध काढत होतो, आरशाकडं पाठ करून, कारण तोंडात तंबाखू होती. बराच वेळ झाला तरी हाक येईना. मी मान वळवली. आरशातनं तिला मी दिसतो, तर मला ती दिसणारच, पण इतक्या दिवसांत मी कधी तिच्याकडं बघितलंच नव्हतं, नुसता लपत होतो. ती दिसली. दोन्ही उशा पाठीशी घेतलेल्या, डोक्यावर पदर नीट घेतलेला. माझ्याकडंच बघत होती. काहीतरी म्हणली. ओठ हलले. पण धार बादलीत वाजत होती, ऐकू आलं नाही. मी हातानं खूण केली, थांब, आलोच. तिनं मान हलवली. मग मी उरलेलं दूध काढलं, रेडकाला सोडलं, बादली घेऊन आत गेलो. डोळे उघडे होते.

बायांनी आरशांवर लुगडी टाकली, सुतकात उघडे ठेवत नाहीत म्हणून. घर आंधळं झालं. तेरावा झाल्यावर मीच एकेक ओढून काढली. आता दत्तू मला न्यायला येतो. म्हणतो, दादा, आता तरी चला, एकटं काय करता? मी म्हणतो, येईन. जात नाही. कारण त्याला सांगता येत नाही.

सकाळी धार काढून झाली की मी मधल्या खोलीत येतो. पलंगावर ती बसायची तसा बसतो, गोठ्याच्या आरशासमोर लावलेल्या दुसऱ्या आरशात माझं तोंड दिसेल असं वाकतो आणि बोलून बघतो. 'अवं' म्हणतो. 'थुका' म्हणतो. 'चांदीला पाणी' म्हणतो. 'येते' म्हणतो. त्या सकाळी शब्द संपताना तिचे ओठ मिटले होते, तेवढं मला पक्कं आठवतं. ह्यातल्या कुठल्याच शब्दाला ओठ तसे मिटत नाहीत. उद्या दुसरा एखादा म्हणून बघीन.